गाडीला भारीतला फ्युएल फिल्टर टाकायचाय? मग आधी रॉबर्ट बॉश नावाच्या माणसाची गोष्ट वाचा

गाडी फास्ट करायची म्हणली की पोरांची यादी ठरलेली असते. आधी रीमॅप, मग मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर, जास्त फ्लोचा पंप. खिसा रिकामा होत आला की शेवटी आठवतो फ्युएल फिल्टर. मग ऑनलाइन जायचं, लाल-निळ्या रंगात चमकणारा, त्यातल्या त्यात स्वस्त फिल्टर बघायचा आणि ऑर्डर टाकून मोकळं व्हायचं.

खरी चूक इथंच होते. कारण फिल्टर कुठला घ्यायचा हे त्याच्या रंगावर ठरत नाही आणि गाडीच्या हॉर्सपॉवरवरही ठरत नाही. फिल्टरच्या पुढं जो सगळ्यात नाजूक पार्ट बसलेला आहे, त्याच्यावरून ते ठरतं. तो नाजूक पार्ट म्हणजे इंजेक्टर आणि त्याला इंधन देणारा पंप.

इंधन मोजून, दाबानं आणि अचूक वेळेला इंजिनात सोडणारा हा पंप रस्त्यावरच्या गाड्यांपर्यंत ज्यानं पोहोचवला त्याचं नाव तुम्ही रोज वाचता. ड्रिल मशीनवर, वायपरवर, वॉशिंग मशीनवर. बॉश. हा ब्रँड आहे हे सगळ्यांना माहितीय, पण हा एक माणूस होता हे फार कमी जणांना माहिती असतं.

आधीच सांगतो, अमुक ब्रँडचाच फिल्टर घ्या असं सांगायला ही स्टोरी नाही. पण फिल्टरमध्ये नेमकं काय बघायचं हे या माणसाच्या आयुष्यातून जितकं नीट कळतं, तितकं डब्यावरचा मजकूर वाचून कळत नाही.

तर सुरुवातीपासून बघू.

23 सप्टेंबर 1861 ला जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या अल्बेक गावात रॉबर्टचा जन्म झाला. वडिलांची शेती होती आणि गावात खानावळ होती. घरात बारा भावंडं, त्यात रॉबर्टचा नंबर अकरावा. वडील स्वतः वाचणारे होते, पोरांनी शिकावं असं त्यांना वाटायचं. रॉबर्टला मात्र शाळेची फारशी गोडी नव्हती. झाडं आणि प्राणी यांच्यात त्याचा जीव रमायचा.

शाळा संपल्यावर तो उल्ममध्ये बारीक यंत्रकाम शिकायला एका कारागिराकडं राहिला. तिथं उस्तादाचं पोरांकडं लक्षच नव्हतं. नीट शिकवायचं नाही, कामात शिस्त नाही. रॉबर्टच्या मनात ही गोष्ट कायमची बसली. पुढं स्वतःच्या कारखान्यात शिकाऊ पोरांसाठी त्यानं वेगळं वर्कशॉप काढलं, त्याची सुरुवात या दिवसांत होती.

त्यानंतर तो वेगवेगळ्या ठिकाणी कामं करत फिरला. 1884 मध्ये थेट अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या कारभाराशी जोडलेल्या वर्कशॉपमध्ये कामाला लागला. कामगार संघटनेचा सदस्यही झाला. तिथून इंग्लंडला जाऊन सीमेन्समध्ये काम केलं आणि मग घरी परतला.

15 नोव्हेंबर 1886 ला त्यानं स्टटगार्टमध्ये स्वतःचं वर्कशॉप उघडलं. वडिलांच्या वारशातून आलेले 10,000 मार्क भांडवल, हाताखाली एक कारागीर आणि एक पोऱ्या. टेलिफोन जोडणं, विजेच्या घंट्या बसवणं, मिळेल ते रिपेअर करणं, असं सगळं काम चालायचं. बॉश सायकलवर टांग टाकून गिऱ्हाइकांकडं जायचा. पुढची बरीच वर्षं धंदा कधी वर तर कधी खाली. एक वेळ अशी आली की पैसे संपले आणि बहुतेक कामगारांना घरी पाठवावं लागलं.

पण 1887 मध्ये एक काम आलं होतं. एका गिऱ्हाइकाला एका जागी उभ्या राहणाऱ्या इंजिनासाठी मॅग्नेटो इग्निशन हवं होतं. इंजिन पेटायला ठिणगी लागते आणि मॅग्नेटो ती ठिणगी तयार करतो. डॉइट्झ कंपनीच्या इंजिनावर असं यंत्र होतं. त्यावर पेटंट नाही याची खात्री करून बॉशनं ते बनवलं आणि सुधारलंही.

दहा वर्षांनी, 1897 मध्ये, फ्रेडरिक सिम्स हा व्यापारी त्याच्याकडं एक फ्रेंच तीनचाकी घेऊन आला. द दियों-बुतों कंपनीची. अडचण अशी होती की उभ्या इंजिनापेक्षा या गाडीचं इंजिन कितीतरी जास्त वेगानं फिरायचं. जुन्या मॅग्नेटोला तेवढ्या भराभर ठिणग्या जमेनात. बॉशकडच्या आर्नोल्ड त्सेरिंगर या माणसानं त्यात बदल करून ते जमवलं. बॉशचा मॅग्नेटो पहिल्यांदा गाडीवर चढला आणि तिथून कंपनीचं नशीब फिरलं.

इथं परफॉर्मन्सवाल्यांसाठी एक किस्सा आहे. 1903 मध्ये आयर्लंडमध्ये गॉर्डन बेनेट रेस होती. मर्सिडीजनं रेससाठी बनवलेल्या 90 हॉर्सपॉवरच्या गाड्या कारखान्याला लागलेल्या आगीत जळून गेल्या. मग एका गिऱ्हाइकाला विकलेली 60 हॉर्सपॉवरची गाडी परत मागून आणली गेली. ड्रायव्हर होता कामिय जेनात्सी, लाल दाढीवाला, लोक त्याला लाल सैतान म्हणायचे. तो रेस जिंकला. गाडीत मॅग्नेटो बॉशचा होता. पुढं बॉशच्या जाहिरातींत लाल सैतान झळकला तो यामुळंच.

कमी पॉवरची गाडी जिंकली, कारण ती शेवटपर्यंत नीट चालली. ही गोष्ट लक्षात ठेवा, फिल्टरपाशी परत लागणार आहे.

1902 मध्ये गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरनं बॉशसाठी हाय व्होल्टेज मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग तयार केला. मग मागणी इतकी वाढली की जगभर ऑफिसं निघाली. पैसा आला तसा बॉशनं 1906 मध्ये कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. त्या काळात दहा-दहा तास काम करून घेणं नॉर्मल होतं. 1910 पासून शनिवारी दुपारनंतर सुट्टी दिली. बाकीचे मालक चिडले आणि त्याला लाल बॉश म्हणू लागले. त्याचा हिशोब साधा होता. थकलेल्या माणसाच्या हातून बारीक काम बिघडतं.

म्हणून तो संत होता असं नाही. 1913 मध्ये त्याच्याच कारखान्यात मोठा संप झाला आणि त्यानं माघार घेतली नाही. पहिल्या महायुद्धात कंपनीनं लष्कराची कंत्राटं घेतली, पण युद्धावर कमावलेला पैसा स्वतःकडं ठेवायला नको म्हणून त्यानं कोट्यवधी मार्क लोकोपयोगी कामांना दिले. युद्धातच अमेरिकेनं त्याची तिथली कंपनी जप्त केली. 1921 मध्ये त्याचा एकुलता एक मुलगा दीर्घ आजारानं गेला. कारखाना पुढं त्याच्या हाती द्यायचा होता.

अशा काळात, 1922 च्या शेवटी, साठी ओलांडलेल्या बॉशनं एक निर्णय घेतला. डिझेल इंजिनासाठी इंजेक्शन पंप बनवायचा.

यात अवघड काय होतं? रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनात इंधन आत ढकलायला दाबलेली हवा लागायची. त्यासाठी मोठा कॉम्प्रेसर हवा. जहाजात किंवा कारखान्यात तो मावतो, ट्रकमध्ये कसा मावणार? म्हणून हवेशिवाय, नुसत्या इंधनाच्या दाबावर इंजेक्शन करणारा छोटा पंप हवा होता. पेट्रोल इंजिनांच्या इग्निशनवर पोट असलेली कंपनी, ठिणगीची गरजच नसलेल्या इंजिनात पैसा घालत होती. पण उद्या ट्रक डिझेलवर गेले तर आपण बाहेर फेकले जाऊ, हे बॉशला दिसत होतं.

पहिली डिझाइन्स झाली, टेस्टिंग झालं, काही फसली. 1926 च्या मंदीत कंपनीला हजारो माणसं कमी करावी लागली, तरी पंपाचं काम थांबलं नाही. 1927 मध्ये पंपाचं उत्पादन सुरू झालं. आधी ट्रक आणि 1936 मध्ये मर्सिडीजची 260 डी ही डिझेल कार त्या पंपावर धावली.

आता आपला फिल्टर इथं येतो.

या पंपात एक दट्ट्या असतो आणि तो एका नळीत खालीवर होतो. दाब टिकायचा तर त्या दोघांमध्ये फट जवळपास नसल्यासारखी पाहिजे. ती असते मोजून काही मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे डोळ्यांना दिसतच नाही असा धुळीचा कणसुद्धा त्या फटीत दगडासारखा अडकतो, चरे पाडतो आणि दाब कायमचा घालवतो.

कार्ब्युरेटरमध्ये एवढं टेन्शन नव्हतं, साधी जाळी लावली तरी भागायचं. इंजेक्शन आलं तेव्हापासून इंधन गाळणं ही इंजिनाच्या जगण्या-मरण्याची गोष्ट झाली.

हेच तंत्र पुढं पेट्रोलकडं आलं, पण त्याचा रस्ता युद्धातून गेला. बॉशचे इंजेक्शन पंप जर्मन लढाऊ विमानांच्या इंजिनांत बसले.

आणि या गोष्टीतला सगळ्यात काळा भाग इथं आहे. नाझी राजवटीत बॉशची कंपनी शस्त्रसज्जतेचा मोठा भाग होती. युद्धाच्या वर्षांत तिच्या कारखान्यांमध्ये हजारो लोकांना सक्तीनं राबवलं गेलं. दुसऱ्या बाजूला रॉबर्ट बॉश आणि त्याच्या जवळच्या माणसांनी ज्यूंना देशाबाहेर पडायला पैशाची मदत केली. हिटलरविरोधी गटातल्या कार्ल गोएर्डेलरला 1937 पासून कंपनीचा सल्लागार म्हणून नेमून आसरा दिला. पुढं हिटलरला मारण्याचा कट फसल्यावर गोएर्डेलरला फाशी झाली. बॉशनंतर कंपनी सांभाळणाऱ्या हान्स वाल्ट्झला इस्रायलनं ज्यूंना वाचवणाऱ्यांमध्ये गौरवलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही.

12 मार्च 1942 ला रॉबर्ट बॉश वारला. ज्या सरकारचा त्याला तिटकारा होता, त्याच सरकारनं त्याची अंत्ययात्रा शासकीय इतमामात काढली.

त्याच्या मागं 1954 मध्ये मर्सिडीज 300 एसएल आली. पंखासारखे वर उघडणारे दरवाजे असलेली तीच गाडी. तिच्या पेट्रोल इंजिनात बॉशचं थेट इंजेक्शन होतं आणि ती आपल्या काळातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांपैकी एक होती. 1973 पासून पोर्श 911 मध्ये बॉशची के-जेट्रॉनिक सिस्टीम येऊ लागली. तिच्यात इंधन बारीक फटींमधून वाटलं जातं. या जुन्या पोर्श सांभाळणारे लोक फिल्टर आणि टाकीतल्या गंजाबद्दल इतके हळवे का असतात, ते आता कळलं असेल.

आपल्याकडचं कनेक्शनही आहे. 1922 मध्येच बॉशची एजन्सी कोलकात्यात सुरू झाली होती. 1951 मध्ये बंगळुरूत मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको निघाली. पुढं नाशिकच्या सातपूरला तिचा कारखाना आला, तिथं इंजेक्टर आणि नोझल बनू लागले. 2008 मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, पण नाशिककरांच्या तोंडी मायको सर्कल ते मायको सर्कलच राहिलं.

आता मूळ प्रश्न. आपल्या गाडीला फिल्टर कुठला?

पहिलं, जागा बघा. पंपाच्या आधी जाड जाळी आणि पंपाच्या नंतर बारीक फिल्टर, असा साधारण नियम आहे. आधीच्या फिल्टरला 100 मायक्रॉनच्या आसपास आणि नंतरच्याला 10 मायक्रॉनच्या आसपास, असे आकडे पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना चालतात. उलटं केलंत तर घोळ होतो. पंपाच्या तोंडाशी बारीक फिल्टर लावला की पंपाला ओढायला जोर पडतो, इंधनात बुडबुडे होतात आणि पंपच मरतो. डायरेक्ट इंजेक्शन असेल तर गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्यापेक्षा जाड गाळणी चालणार नाही.

दुसरं, मायक्रॉनचा आकडा कसला आहे ते बघा. एक असतो नॉमिनल, म्हणजे त्या आकाराचे बरेचसे कण अडतात. दुसरा ॲब्सोल्यूट, म्हणजे त्या आकाराचे जवळपास सगळे अडतात. दोन डब्यांवर 10 लिहिलेलं असलं तरी आतला माल एकसारखा नसतो. आकडा कुठल्या प्रकारचा हे कुठंच सापडत नसेल तर तो फिल्टर सोडून द्या.

तिसरं, फ्लो. फिल्टरमधून तासाला किती लिटर जातं आणि तेवढं जाताना दाब किती पडतो, हे दोन्ही एकत्र बघायचं. पंप मोठा टाकला आणि फिल्टर छोटाच राहिला तर फुल थ्रॉटलला दाब पडतो, मिक्स्चर लीन होतं आणि टर्बो इंजिनात पिस्टन वितळायची वेळ येते. बारीक फिल्टर हवा आणि फ्लोही हवा तर उपाय एकच, आतल्या गाळणीचं क्षेत्रफळ जास्त असलेला मोठा फिल्टर घ्यायचा.

चौथं, गाळणीचं मटेरियल. स्टीलची जाळी धुऊन परत वापरता येते, पण ती सहसा 40 किंवा 100 मायक्रॉनची असते. कागद बारीक गाळतो आणि स्वस्त असतो, पण इथेनॉल आणि पाणी जास्त असेल तर तो फुगून तुंबू शकतो. ग्लास फायबर बारीकही गाळतो आणि इथेनॉलमध्येही टिकतो, फक्त धुता येत नाही, बदलावाच लागतो. आपल्याकडं पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या टाकीतली चिकट घाण सुटी करतं. त्यामुळं जुन्या गाडीत सुरुवातीला फिल्टर लवकर भरू शकतो. आतल्या रबरी सीलही इथेनॉलला चालणाऱ्या आहेत का, ते विचारून घ्या.

पाचवं, दाब. पोर्ट इंजेक्शनच्या लाइनमध्ये साधारण 3 ते 4 बार दाब असतो, टर्बोवर तो वाढतो. कार्ब्युरेटरसाठी बनलेला प्लॅस्टिकचा पारदर्शक फिल्टर तिथं लावणं म्हणजे गरम इंजिनाशेजारी पेट्रोलचा फवारा उडवायची तयारी करणं.

सहावं, बसवणं. लाइनमधला दाब आधी काढा, बॅटरीचं निगेटिव्ह सोडा, फिल्टरवरचा बाण इंजिनाकडं ठेवा आणि सुरू करून गळती बघा. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये फिल्टर टाकीतच पंपाबरोबर असतो, तिथं बाहेरून दुसरा जोडायच्या आधी ट्यूनरशी बोला. स्वतःची खात्री नसेल तर हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या.

आणि शेवटचं, नकली माल. फिल्टर कापून बघितल्याशिवाय आत काय भरलंय ते दिसत नाही. म्हणून नेहमीच्या भावाच्या निम्म्यात मिळणारा ओरिजिनल डबा घेऊ नका, अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि बिल मागा.

बॉशच्या बाबतीत सांगतात की हलका माल विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा गिऱ्हाइकाचा विश्वास त्याला महाग वाटायचा. त्यामागं धंद्याचं गणित होतं. मॅग्नेटो काय, पंप काय, त्याची प्रत्येक वस्तू बॉनेटखाली दडलेली असायची. गिऱ्हाइकाला ती दिसायची नाही, बंद पडली तरच आठवायची. मरणाआधी त्यानं असं लिहून ठेवलं की कंपनीचा पैसा लोकांच्या कामी यावा. आज कंपनीच्या भांडवलाचा 90 टक्क्यांहून जास्त हिस्सा त्याच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडं आहे.

फिल्टरचंही तसंच आहे. तो टाकल्यानं तुमच्या गाडीची पॉवर एका हॉर्सनंसुद्धा वाढणार नाही. रीलमध्ये दाखवण्यासारखंही त्यात काही नाही. पण आयर्लंडच्या त्या रेसमध्ये 60 हॉर्सपॉवरची उसनी गाडी जिंकली, ती शेवटच्या लॅपपर्यंत चालत राहिली म्हणून. त्यामुळं पुढच्या वेळी पार्ट्सची यादी कराल तेव्हा फिल्टर शेवटी नको, पंपाच्या शेजारीच लिहा.